मूळ फीत आणि फिरती प्रत

जुन्या पोथ्यांचा व्यासंग करणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. ग्रंथ जेथे जन्मला तेथे त्याची प्रत मिळत नाही, आणि जेथे तिची कोणी अपेक्षाही करणार नाही अशा दूरच्या मठात किंवा परभाषी प्रांतातील एखाद्या ग्रंथालयात ती सुखरूप नांदताना आढळते. महानुभावांच्या पोथ्यांसाठी आमच्या संशोधकांना पंजाबाकडेही दृष्टी वळवावी लागली. मराठी हस्तलिखितांचा एक मोठा साठा आजही तंजावरास सरस्वती महालात आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडीत गेल्यावर ती स्मरणातून पुन्हा कशी बांधली गेली व त्यातून पाठांचे फाटे कसे फुटले, ही हकीकत ह्या पत्रिकेच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

पोथ्यांच्या वाट्यास जे सात-आठ शतकांत आले, ते चित्रपटांच्या वाट्यास अवघ्या एका शतकात आले, असे म्हटल्यास काहींना अतिशयोक्ती वाटेल. तथापि गेली काही वर्षे आम्ही ह्या विषयाकडे जसजसे अधिक लक्ष देत गेलो, तसतशी ही तुलना आम्हांस केवळ अलंकारिक न वाटता अक्षरशः खरी वाटू लागली आहे. विशेषतः ज्यांना स्वतंत्र चित्रपट म्हणतात त्यांच्या बाबतीत. मोठ्या चित्रसंस्थेच्या आश्रयाविना, स्वतःच्या किंवा चार लोकांच्या वर्गणीच्या पैशाने काढलेला चित्रपट, एवढाच अर्थ आम्ही येथे घेतो. अशा चित्रपटास कोठार नसते, कारकून नसतो, आणि पुष्कळदा दहा वर्षांनंतर मालकही नसतो. तो टिकला तर कोणाच्या तरी लहरीने किंवा हलगर्जीपणाने टिकतो. हल्ली असे शेकडो चित्रपट इंटरनेटवरील संग्रहांत घरबसल्या पाहावयास मिळतात, आणि त्यामुळे त्यांचे जतन झाले अशी एक समजूत रूढ होत आहे. ती समजूत कितपत खरी, हे पाहण्याचा ह्या लेखात प्रयत्न केला आहे.

आमच्या मते ह्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद चरित्र ऑस्कर मिशो ह्या अमेरिकन निग्रो चित्रकाराचे आहे. आजच्या रूढ शब्दांत कृष्णवर्णीय म्हणावे. १८८४ साली इलिनॉय राज्यात जन्मलेला हा गृहस्थ दक्षिण डाकोटाच्या माळरानावर सरकारी जमीन घेऊन शेती करीत असे. शेतीच्या अनुभवांवर त्याने कादंबऱ्या लिहिल्या, स्वतःच छापल्या आणि दारोदार फिरून विकल्या. त्यांपैकी ‘द होमस्टेडर’ ही १९१७ ची कादंबरी पडद्यावर आणण्याची इच्छा कृष्णवर्णीयांच्याच एका चित्रसंस्थेने दर्शविली, तेव्हा दिग्दर्शन मीच करीन असा ह्याचा आग्रह! बोलणी फिसकटली. मिशोने स्वतःची संस्था काढली, ज्या शेतकऱ्यांना पुस्तके विकली त्यांनाच भाग विकले, आणि १९१९ मध्ये चित्रपट पुरा केला. पुढल्या तीस वर्षांत त्याने चाळीसवर चित्रपट काढले. नव्या चित्रपटासाठी पैसा जमविणे, जुन्याची प्रत बगलेत मारून गावोगाव हिंडणे, चित्रगृहाच्या मालकाशी घासाघीस करणे, हे सारे तो एकटाच करी.

त्याचा दुसरा चित्रपट ‘विदिन अवर गेट्स’ १९२० च्या जानेवारीत शिकागोस लागला. ग्रिफिथच्या १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने कृष्णवर्णीयांची जी विटंबना केली होती तिला हे उत्तर होते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नायिकेच्या भूमिकेत एव्हलिन प्रीअर ही नटी होती. त्यात जमावाने केलेल्या हत्येचा प्रसंग आहे. शिकागोत आदल्याच उन्हाळ्यात वांशिक दंगल होऊन गेलेली, म्हणून परिनिरीक्षकांनी व शहरातील प्रतिष्ठितांनी, गोऱ्यांनी तशीच काळ्यांनीही, त्यास हरकत घेतली. एका गावी एक प्रसंग कापावा, दुसऱ्या गावी दुसरा कापावा, तिसऱ्या गावी ‘एकही कात्री न लागलेला चित्रपट’ अशी जाहिरात करावी, असे चालले. म्हणजे चित्रपट नवा असतानाच त्याचे पाठ अनेक झाले होते! कोणता पाठ मिशोचा आणि कोणता परिनिरीक्षकाचा, हा प्रश्न तेव्हा कोणास पडला नाही. पडण्यासारखे कोणी उरेपर्यंत चित्रपटच नाहीसा झाला.

नाहीसा होण्याची कारणे साधी होती. प्रती थोड्या, आणि त्या यंत्रावर चालून चालून झिजून जात. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ भडकला तर पाण्यानेही विझत नाही, आणि न भडकला तरी वर्षानुवर्षांत आपोआप चिकट होऊन शेवटी त्याची भुकटी होते. शिवाय फितीवरील चांदीस मोल होते. निरुपयोगी ठरलेल्या प्रती चांदीसाठी गाळल्या जात. १९२८ मध्ये मिशोचे दिवाळे वाजले. तो नव्याने उभा राहिला, बोलपटही काढले, आणि १९५१ मध्ये वारला तोवर त्याच्या बहुतेक मूकपटांचा मागमूस उरला नव्हता. आज त्याचे तीनच मूकपट उपलब्ध आहेत. ‘द होमस्टेडर’ त्यांत नाही.

‘विदिन अवर गेट्स’ सापडला तो माद्रिदच्या सरकारी चित्रसंग्रहात. तेथे त्याचे नाव ‘ला नेग्रा’ असे होते. मूकपटांत प्रसंगांच्या मध्ये संवादांची व निवेदनाची पाटी येते. त्या पाट्या स्पेनमधील प्रेक्षकांसाठी स्पॅनिशमध्ये केलेल्या होत्या. मूळ इंग्रजी पाट्यांपैकी चार तेवढ्या शिल्लक राहिल्या होत्या. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये त्याची दुरुस्त प्रत तयार केली, तेव्हा स्पॅनिश पाट्यांचे पुन्हा इंग्रजी करावे लागले, आणि ते करताना मिशोच्या कादंबऱ्यांची भाषा नमुना म्हणून समोर ठेवावी लागली. मध्यंतरी एक लहानसा प्रसंग मिळत नाही. त्या जागी तो नाही असे सांगणारी पाटी घातली आहे. आमच्या मते ही सर्वांत प्रामाणिक पाटी होय. ‘येथे पोथीचे पान गहाळ’ असे समासात लिहून ठेवणारे आमचे जुने लेखक ह्याच वृत्तीचे होते.

त्याच वर्षीचा त्याचा दुसरा मूकपट ‘द सिंबॉल ऑफ द अनकॉन्कर्ड’ हाही परदेशीच, बेल्जियमच्या चित्रसंग्रहात, मिळाला. म्हणजे ज्या देशाने मिशोस मोजले नाही त्या देशात ह्या दोहोंची प्रत राहिली नाही, आणि जेथे त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते तेथे एक प्रत डब्यात पडून राहिली. ती कोणी जपली म्हणून राहिली असे नव्हे. ती फिरत फिरत तेथवर गेली आणि तेथून परत आली नाही, एवढेच.

आता हा चित्रपट इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. आम्ही तो प्रथम तसाच पाहिला. लहानशा पडद्यावर, रात्री, घरात एकट्याने. शिकागोच्या चित्रगृहातील ती गर्दी आणि तो क्षोभ आमच्या वाट्यास येणे शक्य नव्हते. तरी मिशोच्या नावाने ज्यांनी केवळ ग्रंथांतील परिच्छेद वाचले होते त्यांच्या पदरी प्रत्यक्ष कृती पडली, ह्या लाभाचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे ब्रूस्टर केल ह्यांनी १९९६ मध्ये स्थापिलेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारख्या संग्रहांनी असे हजारो लाभ करून दिले. रिक प्रेलिंगर ह्यांनी १९८२ पासून, कोणी फुकटही घेणार नाही असे शैक्षणिक, औद्योगिक आणि जाहिरातीचे चित्रपट गोळा केले होते. त्यांतील निवडक चित्रपट ह्याच संग्रहात सर्वांसाठी खुले झाले, आणि २००२ मध्ये मूळ फितींचा सुमारे साठ हजारांचा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, प्रेलिंगर ह्यांनी चित्रपट खुले केले तरी फिती टाकून दिल्या नाहीत.

हा भेद स्पष्ट करण्यास आणखी एक चित्रपट उपयोगी पडेल. त्याचा विषय ह्या पत्रिकेच्या अभिरुचीस रुचेल असा नाही, ह्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. त्यात मृत माणसे उठून जिवंतांना खातात. पिट्सबर्ग शहरातील जाहिरातपट काढणाऱ्या काही तरुणांनी, जॉर्ज रोमेरो ह्यांच्या दिग्दर्शनाखाली, सव्वा लाख डॉलरांहूनही कमी खर्चात १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. पूर्वी त्याचे नाव वेगळे होते. वितरकाने नाव बदलले आणि नव्या नावाची पाटी घालताना जुन्या पाटीवरील स्वामित्वहक्काची ओळ घालावयाची राहिली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कही नसे. ही अट १९८९ मध्ये उठली. एका ओळीच्या विसराने चित्रपट जन्मतःच सार्वजनिक झाला. कोणीही प्रत काढावी, कोणीही विकावी. कर्त्यांस त्यातून मिळावयाचे ते मिळाले नाही, हे दुःख खरे. पण ह्या मुक्त फिरतीनेच तो जगभर पोहोचला, आणि इंटरनेट अर्काइव्हमध्ये सर्वाधिक उतरवून घेतल्या गेलेल्या चित्रपटांत त्याची गणना होते.

परंतु पोहोचला तो कोणता चित्रपट? प्रतीची प्रत, तिचीही प्रत, मग कॅसेट, मग कॅसेटवरून केलेली फाइल. चेहरे पिठासारखे पांढरे, रात्र शाईच्या डागासारखी, कडा कापलेल्या. पोथीच्या नकलाकाराने ‘ध’चा ‘घ’ करावा आणि पुढच्याने त्याचा अर्थ लावावा, तसाच हा प्रकार. दोन पिढ्यांनी तो चित्रपट असाच पाहिला, आणि तो अंधूक दिसणे हाच त्याचा गुण आहे असेही काही रसिक मानू लागले. शेवटी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ कॅमेरा-निगेटिव्हवरून नवी प्रत सिद्ध केली व ती २०१६ मध्ये दाखविली, तेव्हा कळले की छायालेखन किती रेखीव होते. लाखो फिरत्या प्रतींतून हे कधीही निष्पन्न झाले नसते. एक निगेटिव्ह जागेवर राहिले होते, म्हणून झाले.

मिशोस फिरत्या प्रतीने तारले, रोमेरोस न फिरलेल्या निगेटिव्हने. दोन्ही उदाहरणे आम्ही मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कारण एकाच उदाहरणावरून बोलणारे लोक दोन्ही बाजूंस पुष्कळ आहेत.

आमच्या देशातील पहिला स्वतंत्र चित्रकार कोण, ह्याचे उत्तर मराठी वाचकास शोधावे लागत नाही. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचे शिक्षण मुंबईच्या कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात झाले. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, कॅमेरा आणला, आणि कुटुंबातील माणसांना हाताशी धरून ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा केला. तो ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन चित्रगृहात लागला. चार रिळांच्या ह्या चित्रपटाची पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाचे आदिपर्व म्हणून आपण जे इंटरनेटवर पाहतो, त्याच्या पाठाचाच निर्णय व्हावयाचा आहे. ही शंका त्या चित्रफितीखाली किती ठिकाणी नोंदलेली असते? आम्ही जेथे जेथे पाहिले तेथे बहुधा ‘१९१३’ एवढेच ठोकून दिलेले आढळले.

हे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तेव्हा फाळक्यांच्या मृत्यूस वीस वर्षे होऊन गेली होती. १९६५ मध्ये पी. के. नायर तेथे रुजू झाले, आणि त्यांनी जो ध्यास घेतला तो सर्वश्रुत आहे. नाशिकास फाळक्यांच्या मुलाकडून मिळालेले फितींचे सुटे तुकडे फाळक्यांच्याच टिपणांवरून जुळवून त्यांनी ‘कालियामर्दन’ उभा केला. १९१९ च्या त्या चित्रपटात फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे. ते खोडकर मूल आज कोणीही पाहू शकतो. पण त्यामागे कात्री व टिपणवही घेऊन बसलेला माणूस आहे, हे पडद्यावर दिसत नाही. मूकपटांच्या काळात ह्या देशात तेराशेंवर चित्रपट निघाले. त्यांतील तीसच्या आसपास उरले, तेही बहुतेक खंडित. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ समूळ गेला. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि जे वाचविले होते त्यातलेही काही गेले.

अशा स्थितीत डिजिटल रूपांतर हाच तरणोपाय, असे कोणासही वाटेल. आणि ते वाटणे चूक नाही. पण ह्या रूपांतराचा हिशेब सामान्य वाचकांस क्वचित सांगितला जातो, म्हणून थोडक्यात देतो. दीड तासाच्या बोलपटात, सेकंदास चोवीस ह्या प्रमाणाने, १,२९,६०० चित्रे असतात. दुरुस्तीसाठी त्यांतील प्रत्येकाची स्वतंत्र व संपूर्ण प्रतिमा घ्यावयाची, तर एकेका प्रतिमेस सुमारे पन्नास मेगाबाइट जागा लागते. सबंध चित्रपटास सहा-साडेसहा टेराबाइट. इंटरनेटवर आपल्यापर्यंत येते ती फाइल एक-दोन गिगाबाइटची, म्हणजे ह्याच्या सहस्रांशाहूनही लहान! ती वाचनीय सारांशासारखी आहे. सारांशावरून ग्रंथ पुन्हा लिहिता येत नाही.

बरे, तो मोठा साठा तरी आपोआप टिकतो काय? थंड व कोरड्या खोलीत ठेवलेली चांगली फीत शंभर वर्षे कोणाचे लक्ष नसतानाही राहू शकते. डिजिटल साठा दर काही वर्षांनी नव्या फितीवर वा तबकडीवर उतरवावा लागतो, कारण यंत्रे बदलतात आणि जुने स्वरूप वाचणारा कोणी उरत नाही. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अमेरिकन अकादमीने २००७ मध्ये ह्या प्रश्नावर एक अहवाल काढला. एका चित्रपटाची मूळ फीत सांभाळण्यास वर्षाकाठी १,०५९ डॉलर लागतात, तर तोच उच्च प्रतीच्या डिजिटल स्वरूपात सांभाळण्यास १२,५१४, असा त्यांनी हिशेब दिला. तंत्र पुष्कळ स्वस्त झाले असल्याने ते आकडे आज तसेच लागू पडणार नाहीत. पण देखभालीचा खर्च दरवर्षी पुन्हा करावा लागतो, हा मुद्दा तसाच आहे. २०१२ च्या दुसऱ्या अहवालात त्यांनी स्वतंत्र चित्रकारांचा विचार केला, तेव्हा बहुतेकांनी आपल्या चित्रपटाचे पुढे काय होईल ह्याचा फारसा विचारच केला नसल्याचे दिसून आले. आम्हांस ह्याचे नवल वाटले नाही. ज्याने घर गहाण टाकून चित्रपट पुरा केला, त्यास शंभर वर्षांपुढची चिंता करण्याइतका श्वास कोठून असणार?

आणि इंटरनेटवरील संग्रह तरी अक्षय आहेत असे थोडेच आहे? २०२४ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ल्यामुळे खुद्द इंटरनेट अर्काइव्ह काही दिवस बंद पडले होते. शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. बेवारस चित्रपटाचा हक्कदार कोण हे कोणालाच ठाऊक नसते. पण कोणीतरी हरकत घेताच तो एका दिवसात पडद्यावरून उतरविला जातो. कमल स्वरूप ह्यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ चा. चित्रगृहांत तो त्या वेळी लागलाच नाही. पाव शतकभर हातोहाती फिरणाऱ्या प्रतींवर त्याची कीर्ती वाढत राहिली, आणि २०१४ मध्ये दुरुस्त प्रत होऊन तो रीतसर प्रदर्शित झाला. त्या चोरट्या प्रती नसत्या तर त्याची आठवण ठेवणारे किती उरले असते, हे सांगवत नाही. कायद्याचा कैवार घेणाऱ्यांनी ह्यावर रागावू नये. आम्ही फक्त घडले ते नोंदवीत आहो.

ह्या दोन प्रकारच्या प्रतींची खरी गाठ पडलेली आम्हांस ‘मंथन’मध्ये दिसली. श्याम बेनेगल ह्यांच्या १९७६ च्या ह्या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि स्मिता पाटील त्यात आहे. म्हणजे गुजरातच्या गोठ्यात मराठी हात पुष्कळ होते. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची दुरुस्ती केली आणि २०२४ मध्ये तो कानच्या महोत्सवात दाखविला गेला. त्याचे चित्र घेतले ते पुण्याच्या संग्रहालयातील मूळ निगेटिव्हवरून. आवाज मात्र, चित्रगृहात दाखविण्यासाठी काढलेली जी एक प्रत उरली होती, तिच्यावरून घ्यावा लागला. कोठारातल्या फितीने डोळे दिले, फिरतीवर गेलेल्या प्रतीने वाचा दिली. पुण्याचे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे; त्याच्या थंड खोल्यांवरील खर्च कोणत्या सदरात पडतो, इकडे चित्रपटप्रेमींनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. सर्व काही ‘डिजिटल’ झाल्यावर हे डबे कशाला, असे विचारणारा अधिकारी एखाद्या दिवशी निघणारच.

इंटरनेटवरील संग्रहांपैकी आमच्या विशेष आवडीचा म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेला ‘इंडियनसिने.मा’. त्यात चित्रपट पाहता येतोच, परंतु त्याच्या कोणत्याही क्षणाशेजारी अभ्यासकास टीप लिहून ठेवता येते, जशी पोथीच्या समासात लिहावी तशी. मूळ फीत तेथे नाही, आणि आहे असा त्याचा दावाही नाही. त्याच्या सूचीत गमावलेल्या चित्रपटांनाही जागा आहे. वर्षानुक्रमाने खाली उतरत गेलो की नोंदीमागून नोंद अशी येते की जिच्यापुढे चित्र नाही. नाव, साल, दिग्दर्शक, नटांची यादी, बस्स. आम्ही १९२५ पर्यंत आलो आणि कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या मूक ‘सावकारी पाशा’पाशी थांबलो. जमीन गमावून शहराच्या गिरणीत गेलेल्या त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. त्या चित्रपटाची प्रत कोठे असल्याचे अद्याप कळलेले नाही.